गिअरची मूठ

भंगारवाल्याचा टेम्पो अकरा वाजता यायचा होता आणि स्नेहा पावणेअकरालाच येऊन थडकली. या पंधरा मिनिटांच्या फरकामुळे, जी वस्तू किलोच्या भावाने जायची होती ती वारसा ठरली. आपल्याकडे वारसा ठरण्याची रीत बहुधा हीच असते. चाळीस वर्षे कुणी ढुंकून पाहायचे नाही, आणि टेम्पो दारात लागायची वेळ आली की गळा काढायचा.

"थांबवा त्याला! फोन करा, नको म्हणून सांगा!" ती शेडच्या दारातूनच ओरडली.

"नको का म्हणून?" मुनीरशेटांनी विचारले. विचारले म्हणजे गर्जना केली. उभा जन्म चोवीस मागांच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. माग विकून नऊ वर्षे झाली होती, पत्नी माजिदाला जाऊन सात. घरात ऐकणारे कुणी उरले नव्हते, पण आवाज होता तेवढाच राहिला होता.

शेडच्या फरशीवर मागांचे बोल्ट उपटल्याच्या खुणा होत्या. मुनीरशेट अजूनही त्या खुणांच्या मधल्या बोळांतूनच चालत. जिथे माग नव्हता तिथेही ते वळसा घालत. मागच्या कोपऱ्यात, कोऱ्या कापडाच्या चार थरांखाली, ती गाडी उभी होती. इंग्रजी बनावटीची, बिनछपराची, दोनच आसनांची, शर्यतीच्या ऐटीची. बोटीवर नोकरीला असलेल्या मामूंनी ती पासष्ट साली समुद्रमार्गे आणली, तेव्हा भिवंडीने तिच्याभोवती एक फेरी मारून एकच प्रश्न विचारला होता: "दोनच माणसं? मग बाकीच्यांनी काय मागनं धावायचं?" एकेका घरात अकरा माणसे आणि प्रत्येक खेपेला सुताची चार पोती असलेल्या गावाचा हा प्रश्न बिनतोड होता. मामूंनी काही वर्षांनी गाडी भाच्याला देऊन टाकली आणि पुन्हा बोट धरली.

स्नेहा ठाण्याची. श्रीमंत माणसांसाठी जुन्या गाड्या पारखून देणे हा तिचा व्यवसाय. भंगारवाल्यासाठी काढलेला फोटो मुनीरशेटांच्या मुलाने, जुबेरने, शारजाहून कुणा मित्राला गंमत म्हणून पाठवला, मित्राने आणखी कुणाला, आणि तिसऱ्या दिवशी ही मुलगी बॅटरी, भिंग आणि गुडघ्याखाली घ्यायची रबरी चटई घेऊन हजर. ती गाडीखाली शिरली तेव्हा जुबेर व्हिडिओ कॉलवर होता. तोही गाडीतच बसला होता, योगायोगाने त्याच कंपनीच्या, पण नव्या.

"मॅडम, मला एक कळत नाही," जुबेर म्हणाला. "माझी हीच कंपनी. तीन वर्षांची गाडी. हिच्या चौपट ताकद. आज विकायला काढली तर अर्ध्या किमतीला पण कोणी हात लावत नाही. आणि त्या खटाऱ्यासाठी तुम्ही ठाण्यावरून धावत आलात?"

"तुमची गाडी छान आहे," गाडीखालून आवाज आला. "पण तशा निघाल्या किती? हजारो, आणि सगळ्या जुळ्या बहिणी. या निघाल्याच थोड्या. त्यातल्या गंजून गेल्या, ठोकून गेल्या, भंगारात गेल्या. साध्या होत्या ना, म्हणून कुणी जपल्याच नाहीत. तुमच्या गाडीतला तो मोठा पडदा आहे ना, तो उद्या बंद पडला आणि कंपनीने बनवायचा सोडला, की संपलं. ही बिघडली तर पाना आणि हातोडी पुरते. शिवाय ही चालवावी लागते हो. तुमची आपली आपण चालते, तुम्ही नुसते आत बसता."

"म्हणून एवढी किंमत?"

"आणखी एक आहे." स्नेहा बाहेर आली, तिच्या केसांत सुताचा पुंजका अडकला होता. "शाळेत असताना ज्यांनी हिच्या काचेला नाक लावलं होतं, ते आता साठी-सत्तरीचे झालेत. पैसा आहे, वेळ आहे. त्यांना तुमची गाडी नकोय. त्यांना ते नाक लावणं परत पाहिजे."

"म्हणजे माझी पण पन्नास वर्षांनी महाग होणार?"

"तोवर कुणी तिला जीव लावला तर."

जुबेरने आपल्या स्टिअरिंगकडे संशयाने पाहिले. मुनीरशेट मात्र वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होते. त्यांच्या शेडमध्ये इतके शब्द एका दमात बोलले गेल्याला बरीच वर्षे झाली होती.

स्नेहाने बॉनेट उघडले, इंजिनावरचा आकडा भिंगातून वाचला, मग सांगाड्यावरचा वाचला, आणि टाळी वाजवली. "जोडी जुळली! चाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक ठिकाणी एक इथलं आणि एक तिथलं असतं. एकमेकांबरोबर निघालेले, एकमेकांबरोबर राहिलेले, असे सापडतच नाहीत." बोलता बोलता तिची नजर खाली गेली. मुनीरशेटांच्या उजव्या पायात तपकिरी मोजा होता आणि डाव्या पायात करडा. मुलगी सभ्य होती. तिने नजर पुन्हा इंजिनावर नेली आणि ती तिथेच खिळली.

"चाचा, हे काय आहे?"

"पिकरचा पट्टा. मागाचा."

"आणि ही स्प्रिंग?"

"ती पण मागाची."

"आणि गिअरवर हे लाकडी काय खोचलंय?"

"बॉबिन," मुनीरशेट म्हणाले. त्यांना त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसेना.

खुलासा सरळ होता. फार वर्षांपूर्वी एकदा मागांचे सुटे भाग मिळेनासे झाले. माग एक शिफ्ट जरी उभा राहिला तरी घरात चर्चा होई; गाडी तर कायमचीच उभी होती. तेव्हा किशन नावाच्या फिटरने गाडीतले जे जे उपयोगी ते मागांना लावले, आणि गाडीला उघडेबोडके वाटू नये म्हणून मागांचे मोडके भाग तिला लावले. या शिष्टाचाराबद्दल त्या काळी त्याची वाहवा झाली होती.

स्नेहाने डोळे मिटून घेतले. मग कागद काढून लिहिले. ॲक्सिलरेटरची स्प्रिंग, समोरचे घड्याळ, मागचे पाहायचा आरसा आणि गिअरची लाकडी मूठ. "माझे ग्राहक हट्टी आहेत. रंग उडालेला चालेल, गंज चालेल, सीट उंदरांनी खाल्लेली चालेल. पण जे आहे ते तिचं असलं पाहिजे. जुनी वस्तू नवीसारखी कधीही करता येते, चाचा. नवीसारखी केलेली परत जुनी करता येत नाही. महिनाअखेरीला येते. चारही वस्तू मिळाल्या तर गाडी गेली म्हणून समजा."

"गाडी गेली की शेड पण देऊन टाकू, अब्बा," फोनमधून जुबेर म्हणाला. "शेडची जागा घ्यायला गोदामवाला कधीचा थांबलाय. कशेळीचा फ्लॅट तयार आहे. चौदावा मजला. खाडी दिसते."

"खाडी मी पाह्यली आहे."

"अब्बा, हळू बोला. एकटे काय करता त्या शेडमधे? नुसते फिरत असता."

मुनीरशेटांपाशी कारणे पुष्कळ होती, पण फोनवर उच्चारल्यावर टिकेल असे त्यांत एकही नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि स्नेहा गेल्यावर बराच वेळ त्यांनी गाडीवर कापड घातले नाही.

गिअरची मूठ कुठे आहे हे त्यांना यादी करण्याआधीच माहीत होते. दुपारी त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. लग्नानंतर महिनाभरात या गाडीतून ते आणि माजिदा अकलोलीच्या गरम कुंडांना गेले होते; जाताना गाडीने आणि येताना, क्लच गेल्यामुळे, गवताच्या ट्रकने. त्यानंतर गाडी हलली नाही. माजिदाने एक दिवस मूठ मागून घेतली. "तुमची गाडी तर चालत नाही, निदान हे तरी चालू दे," ती म्हणाली, आणि तो गुळगुळीत गोळा तिने मोजे रफू करायला घेतला. मोजा ताणून बसावा म्हणून ती तो मुठीवर चढवी आणि खालून दोऱ्याने आवळून गाठ मारी.

डब्यात तपकिरी मोजा होता. टाचेचे भोक निम्मे भरले होते. सुई तिथेच टोचलेली होती. मूठ काढायची तर आधी ती गाठ सोडावी लागली असती.

डबा उघडायला मुनीरशेटांना सात वर्षे लागली होती. बंद करायला दोन क्षण पुरले. मोजा, मूठ, सुई, सगळे जसेच्या तसे त्यांनी कुडत्याच्या उजव्या खिशात घातले. का घातले, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही. मग त्यांनी किशनला फोन लावला. नंबर होता, लावण्याचे निमित्त चार वर्षांत सापडले नव्हते.

"कोन? शेट? काय झाला? कोन गेला?" किशनने घाबरून विचारले. या वयात जुन्या माणसाचा फोन एकाच कारणासाठी येतो, अशी त्याची समजूत होती.

"कोणी नाही गेलं. गाडीचे पार्ट शोधायचेत."

"कवा येऊ?" किशन म्हणाला.

तो शुक्रवारी आला. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून पहिला मुक्काम रामनाथचा कारखाना. गाडीची स्प्रिंग बसवलेला मुनीरशेटांचा अकरा नंबरचा माग त्यानेच घेतला होता. जुम्म्याची नमाज आटोपून मुनीरशेटांनी स्कूटर काढली, किशन मागे बसला, आणि पहिल्याच खड्ड्याला त्याने आधारासाठी शेटच्या कमरेला हात घातला.

"आई गं! शेट, खिशात काय हाय?"

"चावी."

"चावी चावते काय?"

"नीट बस."

रामनाथने त्यांचे स्वागत चहाने आणि त्यांच्या मागणीचे स्वागत आकांताने केले. "सेठजी, ये स्प्रिंग नहीं है, मेरा नसीब है! बाकीच्या मागांवर दिवसाला पन्नास वेळा धागा तुटतो. हा एकच आहे, विलायती माणसासारखा. बोलत नाही, नुसता काम करतो." अर्ध्या तासाने तो विरघळला, पण अट घालूनच. गाडी विकली गेली तर स्प्रिंग गेली. नाही विकली तर तिने परत आपल्या मागात यायचे. दुसऱ्या दिवसापासून अकरा नंबरच्या मागाने कापडावर तिरकी नक्षी काढायला सुरुवात केली, आणि रामनाथने दर दोन तासांनी फोन करायला. "सेठजी, बिकी क्या?" मुनीरशेटांचा फोन आठवड्यात इतक्यांदा कधी वाजला नव्हता. ते तो तिसऱ्या घंटेला उचलत, वाट पाहत बसलो होतो असे दिसू नये म्हणून.

दुसऱ्या शुक्रवारी पडघा. घड्याळ तिथे दामूच्या चहाच्या टपरीवर टांगलेले होते. दामू एके काळी मुनीरशेटांकडे बॉबिन भरायला होता. जाताना त्याने आठवण म्हणून घड्याळ मागून नेले होते. ते वीस मिनिटे मागे पडे. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी आणि खुद्द दामू, सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि सगळे मनातल्या मनात वीस मिळवून जगत होते. घड्याळ गेल्यावर दामूने तिथे बरोबर वेळेचे नवे घड्याळ लावले. लोक सवयीने त्यातही वीस मिळवू लागले.

"अहो शेट, सगळा नाका वीस मिनिटं आधी पोचतोय!" त्याने तिसऱ्या दिवशी फोनवर तक्रार केली. "पोचून काय करायचं तिकडं? अर्धा चहा सोडून पळतात. शिव्या मला. मी म्हणतो घड्याळ बरोबर आहे, तर म्हणतात, बरोबर आहे हीच तर पंचाईत."

"महिनाअखेरपर्यंत थांब."

"गाडी नाही विकली तर आणून द्याल ना? स्वतः याल ना?"

"स्वतः येईन," मुनीरशेट म्हणाले, आणि हे वाक्य आपण फारच घाईने उच्चारले असे त्यांना वाटून गेले.

तिसऱ्या शुक्रवारी अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावर, किशनच्याच घरी. वाडा रस्त्याचे सगळे खड्डे किशनने मोजले, कारण प्रत्येक खड्ड्याला शेटच्या खिशातली चावी त्याला चावत होती. तिसऱ्या वेळेनंतर त्याने विचारणे सोडले. नुसते "हं" म्हणून बोट चोखू लागला.

आरसा किशनच्या बायकोकडे होता. बायडीने तो कुडाच्या भिंतीला तारेने बांधला होता आणि ती त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"न्हाय देनार! चाळीस वर्सां मी या आरशात बगतंय."

"अगं, शेट सोता आलं हायत," किशन म्हणाला.

"शेट आलं तर च्या देतंय. आरसा न्हाय. दुसऱ्या आरशात माजा तोंड भोपल्यावानी दिसतं. यात कसा, बारीक दिसतं."

आरसा किंचित फुगीर काचेचा होता; त्यात सगळेच बारीक आणि दूरचे दिसे. मुनीरशेटांनी वाकून पाहिले. एक म्हातारा, लांब कुठेतरी उभा. "बायडी, महिनाअखेरीला गाडी नाही विकली तर मी परत आणून देतो," ते म्हणाले.

"आना किरिया."

मुनीरशेटांनी शपथ घेतली. बायडीने आरसा पदराने पुसून दिला आणि मग, तोंड फिरवून, विचारले, "भाभी असत्या तर मागितला असता का हो त्यांनी?"

"नाही," मुनीरशेट म्हणाले. त्या दिवशी ते प्रथमच हळू बोलले. बायडीला दोनदा विचारावे लागले.

उरली मूठ. चौथ्या शुक्रवारी दोघे ती शोधायला कशेळीला गेले, कारण बाकीचे माग तिथल्या एका भंगाराच्या गोदामात गेले होते. मूठ तिथे नाही हे मुनीरशेटांना माहीत होते. ती त्यांच्या मांडीला लागत होती. तरीही त्यांनी गंजलेल्या लोखंडाचे तीन ढीग उपसले, गोदामवाल्याला मुठीचे वर्णन सांगितले, तिचे चित्र काढून दाखवले आणि मूठ सापडत नाही म्हणून खेदाने मान हलवली. किशनही कमालीच्या निष्ठेने शोधत होता. प्रत्येक पत्रा उचलून तो खाली पाही आणि म्हणे, "हितं बी न्हाय."

परतताना समोर तो उंच टॉवर दिसला. मुनीरशेटांनी स्कूटर थांबवली आणि खालून मजले मोजले. अकरापर्यंत नीट मोजता आले. पुढचे उन्हात मिसळून गेले.

"तिकडं ऱ्हाणार तुमी?" किशनने विचारले.

"मूठ सापडली तर."

"आनि न्हाय सापडली तर?"

मुनीरशेटांनी किक मारली. पुढच्या खड्ड्याला किशन "हं" म्हणाला.

महिनाअखेरीला स्नेहा आली. या वेळी बूट तिने दारातच काढले. स्प्रिंग पाहून तिने मान डोलावली, घड्याळ कानाला लावले, आरशात स्वतःला पाहून जरा जास्तच वेळ थांबली. मुनीरशेट घसा साफ करून चौथ्या वस्तूबद्दल खेद व्यक्त करण्याच्या तयारीत होते. चार दिवस ते त्या वाक्याची उजळणी करत होते.

"सापडली!" स्नेहा किंचाळली.

बॉबिन नाहीशी झाली होती. गिअरच्या दांड्यावर गडद, गुळगुळीत, बसक्या गोळ्याची लाकडी मूठ विराजमान होती. मुनीरशेटांचा हात खिशाकडे गेला. खिशात मूठ होती. दांड्यावरही मूठ होती. त्यांनी किशनकडे पाहिले. किशन पत्र्याच्या छपराकडे पाहत होता. तिथे त्याला काहीतरी अत्यंत महत्त्वाचे दिसत असावे.

स्नेहाने भिंग लावले. तिचा चेहरा असा उजळला की एखाद्या अभ्यासकाचा हरवलेले हस्तलिखित सापडल्यावरही क्वचितच उजळावा. "खरं सांगू, चाचा? घड्याळाबद्दल मला थोडी शंका होती. हिच्याबद्दल एक टक्काही नाही. ही बाजू बघा. अंगठा टेकतो तिथली झीज. ही करता येत नाही. पन्नास वर्षं एका माणसाचा हात फिरला की मगच अशी येते. तुम्ही किती प्रेमाने चालवली असेल ही गाडी!"

ती झीज किशनने सोमवारी अर्ध्या तासात, पॉलिश कागद आणि खोबरेल तेल वापरून आणली होती. लाकूड मागाच्या जुन्या धोट्याचे होते. गाडी तर अकलोलीच्या पुढे कधी गेलीच नव्हती. विद्वत्तेने आपली मोहोर उमटवली होती, जुबेरचा फोन पाच मिनिटांत येणार होता, आणि आता फक्त गप्प राहायचे होते. गप्प राहणे मुनीरशेटांना गेली सात वर्षे उत्तम जमत होते.

"ही एकच वस्तू या गाडीतली शंभर टक्के अस्सल आहे," स्नेहा म्हणाली.

"खोटी आहे ती!"

शेडचा पत्रा हादरला. कबुतरे उडाली. किशनने कपाळावर हात मारला.

"खोटी आहे," मुनीरशेट म्हणाले, आणि त्यांनी खिशातून तो तपकिरी मोजा काढून बॉनेटवर ठेवला. "पन्नास वर्षं कोणाचा हात म्हणता, ते ह्याच्यावर बघा. पन्नास नाही, सदतीस वर्षं. माझा नाही. तिचा."

स्नेहाने वाकून पाहिले. मोज्याच्या गळ्याशी आवळलेली गाठ. टाचेत अर्धे विणलेले भोक. त्यात अडकलेली सुई आणि सुईत अजून हातभर दोरा.

"काढून दाखवता?" तिने सवयीने विचारले.

"नाही."

तिने भिंग पुढे नेले, आणि पुन्हा मागे घेतले. मग तिची नजर हळूच खाली गेली. उजव्या पायात तपकिरी मोजा होता. डाव्यात करडा. तिने बॅटरी विझवली.

जुबेरचा फोन आला तेव्हा तीच बोलली. "एक भाग मिळत नाहीये, सर. गिअरची मूठ."

"लाकडाचा गोळा? मॅडम, नवा लावा ना!"

"नवा लावलाय. तो फारच चांगला झालाय, पण तो नवा आहे."

"मग आता?"

"ग्राहक घेणार नाहीत."

"अब्बा, एका गोळ्यासाठी?" जुबेरने विचारले. वडील काही बोलले नाहीत, हे पाहून तो जरा गोंधळला. त्यांच्या न ओरडण्याची त्याला सवय नव्हती. "बरं. मार्चमधे येतो तेव्हा बघू," तो म्हणाला. त्याच्या गाडीच्या पडद्यावर कसला तरी लाल दिवा लागला होता, आणि त्याला तो घालवता येत नव्हता.

स्नेहा चहा घेऊन गेली. तिची महिन्याभराची मेहनत फुकट गेली होती. निघताना ती किशनकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही मला पार बनवलंत. कार्ड ठेवा माझं."

ती गेल्यावर मुनीरशेट किशनवर उसळले. "तुला कोणी सांगितलं होतं नकली करायला? गाडी विकली जावी म्हणून? एवढी घाई झाली तुला मला कशेळीला पोचवायची?"

"गाडी इकाची म्हनून न्हाय केली, शेट."

"मग?"

"ती मूठ गाडीची मीच काडून भाभींना दिलती. ठाव न्हाय व्हय मना?" किशनने आपला उजवा हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर लहान लहान काळे ठिपके होते. "आनि पयल्याच शुक्रवारी समजला का चावी न्हाय, सुई हाय. मना वाटला, शेवटी त्या बाई मागतील. पोरगा मागंल. तुमाला ती गाठ सोडाय लागंल. ती सोडाय लागू नये म्हनून केली दुसरी."

"मग कशेळीला तीन ढीग का उपसलेस?"

"तुमी उपसत व्हता म्हनून."

मुनीरशेटांनी बॉनेटवरचा मोजा उचलून खिशात ठेवला. मग दोघे गाडीच्या त्या दोन आसनांत जाऊन बसले. किशनने सवयीने घड्याळात पाहिले आणि वीस मिनिटे मिळवली.

आठवड्याने स्नेहाचा अहवाल आला. ग्राहकाने गाडी घेतली नसली तरी अहवाल द्यावाच लागतो, असे तिने सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. मुनीरशेटांनी तो किशनला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे शेजारच्या दोन कारखान्यांनाही तो कळला. इंजिन मूळ. स्प्रिंग मूळ. घड्याळ मूळ, वीस मिनिटे मागे. आरसा मूळ. शेवटच्या ओळीशी ते थांबले.

"पुढं काय हाय, शेट?"

"गिअरची मूठ," त्यांनी वाचले. "मालकाकडे. अद्याप वापरात."

शपथेप्रमाणे तिन्ही वस्तू परत करायच्या होत्या. एका दुपारी उरकण्याजोगे काम होते. मुनीरशेटांनी त्याला तीन शुक्रवार लावायचे ठरवले. शिवाय प्रत्येक ठिकाणी बसवलेले बरोबर चालते आहे की नाही हे पाहायला पुन्हा जावेच लागणार होते. मार्च अजून लांब होता. पहिल्यांदा आरसा, कारण बायडी रोज निरोप पाठवत होती. जुम्म्याच्या नमाजेनंतर किशन मागच्या सीटवर बसला, आरसा त्याने छातीशी धरला आणि रिकामा हात शेटच्या कमरेला घातला. वाडा रस्ता सुरू झाला. पहिला खड्डा आला.

"आई गं!" किशन ओरडला, आणि मग समाधानाने बोट तोंडात घालून म्हणाला, "जागेवर हाय, शेट."